कॉलेजात शिकवायचं नाही पण काम कॉलेजातच करायचंय? मग पीजी कुठलं घ्यायचं ते बघूया

दर वर्षी टीवायचे रिझल्ट लागले की एक तरी पोरगा नाहीतर पोरगी येऊन विचारतेच, मॅडम मला प्रोफेसर व्हायचं नाहीये पण काम मात्र कॉलेजातच करायचंय, हॉस्टेल, स्कॉलरशिप, एनएसएस, युवा महोत्सव, मुलांच्या अडचणी असलं सगळं, तर त्यासाठी काय शिकावं लागतं? विचारणारी बहुतेक एनएसएस नाहीतर सांस्कृतिकमध्ये तीन वर्षं राबलेली असतात, कॅम्पच्या किराणा सामानाचा हिशोब एकटीने ठेवलेला असतो, आणि घरी मात्र बीएड कर नाहीतर बँकिंगचा क्लास लाव एवढेच दोन पर्याय माहीत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय, जरा लांबेल.

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. अमेरिकेत या कामाला स्टुडंट अफेअर्स म्हणतात आणि त्याची स्वतंत्र दोन वर्षांची मास्टर्स असते, इंडियाना, बोलिंग ग्रीन, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, व्हरमाँट अशा कितीतरी युनिव्हर्सिट्यांमध्ये, आणि तिथं डीनच्या ऑफिसात किंवा हॉस्टेलच्या कामावर पूर्ण वेळ घ्यायचं तर बऱ्याच ठिकाणी ही मास्टर्स मागतात. आपल्याकडे काम तेच, पण त्या नावाची डिग्री जवळपास नाहीच आणि त्या नावाची पोस्टही मोजक्याच ठिकाणी. म्हणून कोर्स शोधायच्या आधी नोकरी कुठल्या कॅम्पसवर करायची ते ठरवा. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळच्या अनुदानित कॉलेजात, पुण्या-बंगळुरूच्या खासगी निवासी युनिव्हर्सिटीत, की अमेरिकेत? तिन्हीकडे जायचे रस्ते वेगळे आहेत. "आधी कोर्स तरी करूया, मग बघू" हे या लाइनमध्ये चालत नाही, दोन वर्षं आणि पैसे दोन्ही जातात.

आपल्याकडे हे काम नक्की करतं कोण

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असतं आणि त्याचा एक संचालक असतो, पूर्वी यालाच विद्यार्थी कल्याण म्हणायचे, जुनी माणसं अजून डीएसडब्ल्यूच म्हणतात. ते झालं वरचं. कॉलेजात खाली आलात की यातलं जवळजवळ प्रत्येक काम कुठल्या तरी प्राध्यापकाच्या गळ्यात ॲडिशनल चार्ज म्हणून पडलेलं दिसतं. मराठीचे सर एनएसएसचे प्रोग्राम ऑफिसर, केमिस्ट्रीच्या मॅडमकडे महिला विकास कक्ष आणि अंतर्गत तक्रार समिती दोन्ही, कॉमर्सचे सर प्लेसमेंट सेल, स्कॉलरशिप ऑफिसातल्या एका क्लार्ककडे, आणि हॉस्टेलला रेक्टर, ती पण बऱ्याचदा ज्युनियर कॉलेजला शिकवून उरलेल्या वेळात. म्हणजे मुलांचं बघणारे भरपूर, पण फक्त त्याच कामासाठी नेमलेलं कोणी नाही.

याचा अर्थ असा की अनुदानित कॉलेजात हे काम करायचं असेल तर सगळ्यात पक्का रस्ता अजूनही आपल्या विषयात एमए-एमएस्सी, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, असिस्टंट प्रोफेसर, आणि मग हे चार्ज आपणहून मागून घेणं. ऐकायला मजा येत नाही माहितीय, शिकवायचं नाही म्हणून तर विचारत होतात! पण खोटी आशा लावण्यात काय अर्थ. दुसरा रस्ता प्रशासनाचा, विद्यापीठात असिस्टंट रजिस्ट्रारच्या जागेला यूजीसीच्या निकषाप्रमाणे कुठलीही मास्टर्स ५५ टक्क्यांनी लागते, विषयाचं बंधन नाही, पण तिथं गेल्यावर मुलांचं खातंच मिळेल याची गॅरंटी नाही, परीक्षा विभागात बसवलं तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसाल.

तिसरा रस्ता काउन्सेलरचा, आणि माझ्या मते पुढच्या काही वर्षांत खरी वाढ इथेच आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर ज्या सूचना दिल्या त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने निदान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा किंवा जोडून घ्यावा असं म्हटलंय. १०० म्हणजे आपल्याकडचं कुठलंही कॉलेज आलं त्यात. आता ते "जोडून घ्यावा" वाचून संस्था आठवड्यातून दोन तास येणारा माणूस बघणार हे उघड आहे, तरी दार उघडलंय हे खरं. त्याशिवाय रॅगिंगविरोधी नियम २००९ चे, लैंगिक छळाबाबतचे २०१५ चे, तक्रार निवारणाचे २०२३ चे, एवढ्या समित्या कागदावर आहेत, आणि त्या खरोखर चालवता येणारा माणूस प्राचार्यांना हवाच असतो.

आणि चौथा, खासगी निवासी युनिव्हर्सिट्या, अशोका, अझीम प्रेमजी, फ्लेम वगैरे. मुलं कॅम्पसवरच राहतात त्यामुळे तिथं हॉस्टेल, क्लब, वेलनेस यासाठी पूर्ण वेळ स्टाफ लागतो. कोकणातून तिथं जाणारे कमी, कारण मुळात असं काही असतं हेच कोणाला माहीत नसतं.

डिग्रीच्या आधी एक वर्ष काम

हे मी सगळ्यांना सांगते आणि निम्मे ऐकत नाहीत. बीए-बीकॉम झाल्या झाल्या फॉर्म भरू नका. एक वर्ष कुठेही, कॉलेजच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर, वसतिगृहावर, एखाद्या संस्थेत, मुलांशी रोज संबंध येईल असं काम करा. एनएसएसचं केलंय हो, पण वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचा कॅम्प यात तुम्ही स्वतः विद्यार्थी असता, टेबलाच्या त्या बाजूला बसायचं वेगळं असतं.

टेबलाची ती बाजू म्हणजे काय तर उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या साइटवरचे, फॉर्म सुरू आहेत, बाहेर धो धो पाऊस, साइट हँग, आणि काउंटरला एक पोरगा उभा, राजापूर तालुक्यातल्या कुठल्या तरी वाडीतून दोन एसट्या बदलून आलेला. मागच्या वर्षीची स्कॉलरशिप जमा झाली नाही म्हणतो. फॉर्म अप्रूव्ह दिसतोय. मग बँकेत गेली कुठे? तर आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, दुसऱ्याच खात्याला, आईने कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी त्याचंच आधार दाखवून उघडलेलं खातं, ते आता बंद पडलेलं. त्याला हे माहीत नाही, आईला आठवत नाही. क्लार्क म्हणणार "बँकेत जा", बँक म्हणणार "कॉलेजात विचारा", आणि पोरगा तिसऱ्या खेपेला यायचंच बंद करतो कारण एका खेपेला त्याची एका दिवसाची मजुरी जाते. इथे बसून आधारच्या साइटवर त्याचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघायचं, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते विचारायचं, बँकेच्या नावे चार ओळींचा अर्ज तिथल्या तिथे लिहून द्यायचा, आणि पंधरा दिवसांनी आपणहून फोन करायचा. एवढं केलं की पैसे येतात. आणि हे करताना तुम्हाला मनातून वैताग येतो की बरं वाटतं, हे एकदा कळलं की अर्धा निर्णय झाला समजा. वैताग येत असेल तर बिनधास्त दुसरं काहीतरी करा.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा कित्येक मुलांच्या मार्कशीट, जातीचे दाखले, सगळ्याचा लगदा झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात लाइट आणि नेटवर्क गेलं आणि क्लास तर ऑनलाइन चाललेले. अशा वेळी डुप्लिकेट कागद कुठून कसे काढायचे, फीची मुदत कोणाकडून वाढवून घ्यायची, कुठलं पोरगं गप्प झालंय ते कोणाला विचारायचं, हीच या क्षेत्रातली खरी परीक्षा. इंटरव्ह्यूला, मग तो मुंबईत असो की अमेरिकेत, असलंच सांगायचं असतं. म्हणून त्या वर्षात एक वही ठेवा, काय अडचण होती, काय केलं, काय झालं. मुलांची नावं लिहू नका पण, खुणेपुरतं काहीतरी लिहा.

भारतात शिकायचं तर

एमएसडब्ल्यू किंवा सोशल वर्कमधली एमए हा मला सगळ्यात कामाचा पर्याय वाटतो. टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९३६ पासून मुंबईत आहे, तिथं सीयूईटी-पीजी ही देशभराची प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं, आणि निर्मला निकेतन १९५५ पासून. या कोर्समध्ये फिल्डवर्क असतं, नुसती लेक्चरं नाहीत, आणि केसवर्क म्हणजे एकेका माणसासोबतचं काम, ग्रुपवर्क, संस्थेचं प्रशासन हे तिन्ही कॉलेजात जसंच्या तसं लागतं. फिल्डवर्कची जागा मागताना एखादं कॉलेज किंवा वसतिगृह मागून बघा, मिळालं तर सोनं.

मुलांशी बसून बोलण्यातच रस असेल तर काउन्सेलिंग किंवा अप्लाइड सायकॉलॉजीची एमए. फक्त एक लक्षात ठेवा, नुसत्या एमएवर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून बोर्ड लावायचा नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. कॉलेज काउन्सेलर म्हणून काम करताना ते लागेलच असं नाही, पण आपली हद्द कुठे संपते आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे माहीत पाहिजे.

आधीच नोकरीत आहात, घर सोडता येत नाही, तर इग्नूचे दोन डिप्लोमा बघा, एक शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाचा आणि दुसरा उच्च शिक्षणावरचा. प्रवेशाच्या अटी आणि त्या सत्राला कोर्स चालू आहे की नाही ते इग्नूच्या साइटवरच बघायचं, कोणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नाही. त्याने नोकरी लागत नाही, पण ऑफिसात बसून कामाची भाषा कळते आणि प्रमोशनच्या वेळी फाइलला एक कागद जास्त लागतो.

एमएडचं बरेच जण विचारतात. त्याला आधी बीएड लागतं, आणि तो मुळात शिक्षक घडवणाऱ्यांसाठी आहे, आपल्या कामाशी संबंध थोडाच. पीएचडीच करायची असेल तर दिल्लीची नीपा ही शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची संस्था आहे, तिथं उच्च शिक्षणाच्या धोरणावर स्वतंत्र केंद्र आहे आणि कॅम्पसवरची मुलं कुठून येतात, त्यांच्यात भेदभाव कसा होतो यावर त्यांनी चांगलं काम केलंय. एमबीए एचआर करून इकडे येऊ का असंही विचारतात, येऊ शकता, पण मुलांना "क्लायंट" म्हणायची सवय लागली की सुटत नाही.

अमेरिका

इथे जरा सविस्तर, कारण यावर मराठीत कोणी लिहीत नाही आणि एजंट लोक तर या कोर्सचं नाव पण घेत नाहीत, त्यांना डेटा सायन्स विकायचं असतं.

कोर्सची नावं वेगवेगळी असतात, हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स, कॉलेज स्टुडंट पर्सोनेल, हायर एज्युकेशन ॲडमिनिस्ट्रेशन. शेवटच्या नावाखाली कधी कधी धोरण आणि पैशाचा कारभारच जास्त असतो, मुलांचा कमी, म्हणून नावावर जाऊ नका, विषयांची यादी काढून वाचा. स्टुडंट डेव्हलपमेंट थिअरी नावाचा विषय आणि प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा भाग, नसेल तर तो आपला कोर्स नाही. तिकडे सीएएस नावाची मानकं ठरवणारी संस्था आहे, तिच्या मानकाप्रमाणे अशा मास्टर्समध्ये निदान ३०० तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम हवं, ते पण दोन वेगवेगळ्या ठिकाणी. कोर्स शोधायला नास्पाच्या साइटवर यादी मिळते. नास्पा ही या पेशातल्या लोकांची १९१९ ची संघटना, एसीपीए १९२४ ची, या दोघींनी मिळून या पेशात काय काय यायला पाहिजे त्याची दहा क्षेत्रं काढलीत, कायदा, मूल्यमापन, सल्ला देणं, सामाजिक न्याय वगैरे, ती पीडीएफ फुकट मिळते. ती समोर ठेवून आपल्याला यातलं काय येतं ते लिहून काढा, एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या निवेदनाचा, कच्चा माल तयार होतो.

थिअरीला घाबरू नका. चिकरिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ मध्ये मांडलं की कॉलेजच्या वयात माणूस सात दिशांनी वाढतो, श्लॉसबर्गने १९८१ मध्ये स्थित्यंतरावर लिहिलं आणि पुढे चार गोष्टी बघायला सांगितल्या, परिस्थिती कशी, माणूस कसा, आधार कोणाचा आणि तो काय उपाय करतो. मंडणगडचा पोरगा मुंबईला हॉस्टेलवर गेला आणि दिवाळीच्या आत परत आला, त्याला या चार गोष्टी लावून बघा, बरोबर कळतं कुठे अडलं ते. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ॲस्टिन, १९८४, त्याचं म्हणणं साधारण असं की विद्यार्थी कॉलेजच्या आयुष्यात जितका गुंततो तितकं त्याला मिळतं. वाचायला पटतं. पण आपल्याकडे दुपारी चारला कार्यक्रम ठेवला तर निम्मी मुलं उठून स्टँडवर पळतात कारण नंतरची गाडी थेट सातला, आणि मुलींच्या घरी तेवढा उशीर चालतच नाही. मग ती मुलं गुंतत नाहीत म्हणायचं की आपण कार्यक्रम चुकीच्या वेळी ठेवला म्हणायचं? मुलं कॉलेज का सोडतात यावर लिहिणाऱ्या टिंटोवर पण तिकडे हीच टीका झालीय, की कॉलेजात मिसळून जा म्हणताना घर आणि समाज सोडून ये असं त्यात गृहीत धरलंय. असली उदाहरणं वर्गात तुमच्याकडे असणार आणि बाकीच्यांकडे नसणार, तेव्हा गप्प बसू नका.

आता पैसा. माझं स्पष्ट मत, असिस्टंटशिप मिळाली नाही तर जाऊ नका. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप म्हणजे शिकता शिकता कॅम्पसवरच आठवड्याला साधारण २० तास काम, त्याबदल्यात फी पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ आणि वर महिन्याला थोडे पैसे. हॉस्टेलच्या कामाची मिळाली तर राहायची खोली आणि कित्येकदा जेवण पण त्यातच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर २० तासांच्या वर काम करताच येत नाही, म्हणजे असिस्टंटशिप घेतली की दुसरं काही जोडता येणार नाही हे गृहीत धरूनच हिशोब करा. काही कोर्समध्ये प्रवेश आणि असिस्टंटशिप दोन्ही एकत्र ठरतं, काही ठिकाणी वेगवेगळे अर्ज, आणि इंटरव्ह्यू बहुतेक फेब्रुवारी-मार्चात. कोऑर्डिनेटरला मेल करून विचारा की मागच्या बॅचमधल्या किती जणांना असिस्टंटशिप मिळाली आणि त्यात परदेशी किती होते. गोल गोल उत्तर आलं तर समजून जा.

या पगारावर मोठं कर्ज फिटत नाही, हे आंबा बागायतदाराच्या पोराला वेगळं सांगायला नको, एक सीझन गेला की काय होतं ते त्याने बघितलेलं असतं. शिवाय हा कोर्स स्टेममध्ये, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगच्या यादीत, सहसा येत नाही, म्हणून ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथं काम करायची परवानगी, १२ महिनेच, इंजिनिअरांसारखी वाढ नाही. युनिव्हर्सिट्यांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट असते ही त्यातल्या त्यात जमेची बाजू, पण सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली आणि तेव्हापासून नियम सारखे हलतायत. तिकडेच राहायचं हे धरून घर गहाण ठेवू नका.

मग पैसे आणायचे कुठून? फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप बघा. ज्या मोजक्या विषयांना ती देतात त्यात हायर एज्युकेशन ॲडमिनिस्ट्रेशन आहे आणि आपल्याकडे अर्ज करणाऱ्यांना हे माहीतच नसतं. अटी मात्र आहेत, ५५ टक्के, निदान तीन वर्षं नोकरीचा अनुभव, आणि चार वर्षांची डिग्री, किंवा डिग्री तीनच वर्षांची असेल तर वर पूर्ण केलेली मास्टर्स. कोर्स झाल्यावर परत यावं लागतं. परत येऊन इथेच काम करायचंय त्यांना हे बरंच आहे, पण ही फेलोशिप चालवणाऱ्या यूएसआयईएफच्या साइटवर त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय काही धरून चालू नका. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, दोन्हींमध्ये कुठले विषय आणि कुठल्या रँकच्या युनिव्हर्सिट्या चालतात ते आधी तपासा, रँकच्या अटीत चांगले स्टुडंट अफेअर्सचे कोर्स सुटू शकतात. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे फेडायची असते.

तीन वर्षांच्या डिग्रीचं काय? काही युनिव्हर्सिट्या घेतात, काही नाही, प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं. आता नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष घेऊन ऑनर्स करता येतं, ज्यांना बाहेर जायचंय त्यांनी त्याचा विचार करा. जीआरई ही प्रवेश परीक्षा या कोर्ससाठी बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस मागतात.

एसओपी आणि इंटरव्ह्यू

"मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य लिहिलं असेल तर आत्ता खोडा. त्या आधार सीडिंगच्या पोराचं लिहा. काय झालं, तुम्ही काय केलं, त्यातून कॉलेजने काय बदललं, आणि तुम्हाला काय येत नव्हतं म्हणून शिकायला यायचंय. एवढंच. कोकणातला निसर्ग, समुद्र, गरिबी यावर परिच्छेद नको, तिथल्या कमिटीला सहानुभूती मागणारा नको असतो, उद्या सहकारी म्हणून शेजारी बसवता येईल असा माणूस हवा असतो.

शिफारसपत्रं तीन लागतात. आपले सर लोक मनाने चांगले, पण लिहितात काय, "तो आज्ञाधारक व कष्टाळू असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा". त्याचा काही उपयोग नाही. सरांना भेटायला जाताना एक पान घेऊन जा, त्यांच्यासमोर तुम्ही केलेली तीन कामं तारखेसकट लिहिलेली, आणि हात जोडून सांगा की सर यातलं एक तरी तुमच्या शब्दांत येऊ दे. रागावत नाहीत, उलट त्यांना सोपं पडतं.

इंटरव्ह्यूला एक प्रसंग देतात. साधारण असा, रात्रीचे अकरा वाजलेत, तुम्ही हॉस्टेलवर ड्यूटीला, एक मुलगी येऊन सांगते की माझी रूममेट दोन दिवस जेवली नाही, दार लावून पडून आहे, आणि तिने मला कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. काय कराल?

आपल्याकडचं पहिलं उत्तर हमखास, "मी तिला विश्वासात घेईन आणि कोणालाही सांगणार नाही". इथेच मार्क जातात. गुप्ततेचं वचन कधीही द्यायचं नाही, कारण जिवाचा प्रश्न असेल तर ते मोडावंच लागतं, आणि मग पुढच्या वेळी ती मुलगी तोंड उघडणार नाही. आलेल्या मुलीला म्हणायचं, तू सांगितलंस ते बरं केलंस, हे मी फक्त ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन. मग स्वतः खोलीवर जायचं, दार वाजवायचं, बाहेरून लेक्चर द्यायचं नाही. बोलायला लागली की स्पष्ट विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात येतोय का? विचारल्याने डोक्यात येतं हा गैरसमज आहे, विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटीला सोडायचं नाही, वरिष्ठांना फोन, डॉक्टरची सोय, इथे असाल तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो. रात्रीच लिहून ठेवायचं, कितीला काय झालं, कोणाला कळवलं. आणि शपथ घातलेली जी पहिली मुलगी आहे ना, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी वळून बघायचं, तिला सगळे विसरतात.

घरी कळवायचं का? इथे दोन देशांत मोठा फरक. अमेरिकेत फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की त्याच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, आईबापाला मार्क पण सहसा मुलाच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत, धोका असेल तेव्हाची सवलत आहे. आपल्याकडे वडील थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये, सोबत मामा आणि गावचे सरपंच पण! इंटरव्ह्यूला तिकडचा कायदा सांगा आणि आपल्याकडे कुटुंबाला सोबत घेऊन काम कसं करावं लागतं ते पण सांगा, हा फरक माहीत असणारा उमेदवार त्यांना आवडतो.

वेळापत्रक, थोडक्यात

बाहेरचे अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि कोर्स पुढच्या ऑगस्टला सुरू, म्हणजे तयारी आदल्या मे-जूनपासून. गणपतीच्या आत कोर्सची यादी आणि इंग्रजीच्या परीक्षेची तारीख ठरलेली पाहिजे, कारण एकदा चाकरमानी आले की पंधरा दिवस घरात कोणी कोणाचं नसतं आणि मुंबईच्या गाड्यांची तिकिटं तर विसराच. परीक्षा केंद्र मुंबई, पुणे नाहीतर गोव्याला पडेल, सावंतवाडी-कुडाळवाल्यांना गोवा जवळ. सरांना शिफारसपत्राचं दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा, सुट्टीत सर फोन उचलत नाहीत. टिससाठी सीयूईटी-पीजीचा फॉर्म वेगळा, त्याची जाहिरात साधारण हिवाळ्यात येते, तीही नजरेत ठेवा, एकाच घोड्यावर सगळं लावू नका.

आणि ट्रान्सक्रिप्ट. मार्कशीटची झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे, ती सगळ्या मार्कांची अधिकृत नोंद असते, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून घ्यावी लागते आणि वेळ लागतो. अर्ज करायच्या आधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एक आहे का ते तपासा, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर वेगळा असतो आपल्याकडे. फरक असेल तर नाव दुरुस्तीला आत्ताच टाका, पासपोर्टच्या आधी मार्कशीट.